पिचरची तीट

गेल्या वर्षी गणपती उठले, मैदानावरचा चिखल वाळला आणि शाळाशाळांच्या बेसबॉलच्या सामन्यांना तोंड लागलं. पहिल्या तीन सामन्यांत माझ्या नातीनं समोरच्या पोरींना एकही धाव करू दिली नाही. एकसुद्धा नाही. मी तिथंच पायरीवर फडकं अंथरून मोजायला बसले होते. खोटं कशाला बोलू, दुसऱ्या शाळेच्या पोरी नाक पुसत परत जायच्या तेव्हा मला शेवग्याची शेंग चोखल्यासारखी चव यायची तोंडाला. कुणाच्या तरी नातीच होत्या त्याही. असू देत.

खेळ मला कुणी शिकवला नाही, बघून बघून कळला. माझी नात पिचर. म्हणजे चेंडू फेकणारी. समोरची दांडका घेऊन उभी राहते. तीनदा चुकली, म्हणजे तीन स्ट्राइक झाले, की ती बाद, मुकाट्यानं जाऊन बाकावर बसायचं. नात फेकायच्या आधी डावा पाय उचलायची, आणि समोरचीकडं अशी बघायची की त्या पोरीनं जणू हिच्या बापाचं शेत बळकावलंय. मग सूं करून चेंडू. दांडका फिरायचा तोवर तो पलीकडं झेलायला बसलेल्या कॅचरच्या हातात धप्पकन बसलेला असायचा. शेजारच्या यंत्रमागाच्या कारखान्यातले लूमवाले चहाच्या सुट्टीत भिंतीवर चढून बघायचे. "वापस जा, वापस जा!" म्हणून समोरच्या पोरींना ओरडायचे. मीही ओरडायचे. शाळेच्या खेळाच्या बाईंनी मला दोनदा गप्प केलं.

हा हात तिला कुठून आला म्हणाल, तर कांड्यांतून. आमच्या टेमघरच्या घराला लागून लूमची शेड आहे. धागा संपलेल्या रिकाम्या कांड्या ते मागच्या बाजूला टाकून देतात. नात चार वर्षांची असल्यापासून त्या उचलून पत्र्याच्या पिंपावर मारायची. आधी पिंपावर, मग पिंपाच्या कडेवर, मग कडेवर बसलेल्या कावळ्यावर. कावळ्यांनी आमच्याकडं श्राद्धाला यायचं बंद केलं.

नववीत गेली तसं तिनं एकच धरलं. या स्पर्धेच्या शेवटच्या सामन्यानंतर विभागाचा संघ निवडणार होते, त्यात तिला जायचं होतं. जेवताना तेच, झोपताना तेच. माझा मुलगा म्हणाला, "दहावीत असलं काही चालणार न्हाय. काय करायचं ते या वर्षी करून घे." म्हणजे हे एकच वर्ष. मला हे सगळं ठाऊक होतं. ठाऊक असूनही मी केलं ते केलं.

आता कॅचरबद्दल सांगायला हवं. ती म्हणजे माझ्या थोरल्या जावेची नात. दोघी एकाच वर्गात, एकाच संघात. घर मुळात एकच, मधे आडवी भिंत घातलेली. त्या भिंतीच्या पलीकडं मी चाळीस वर्षं गेले नव्हते आणि थोरली अलीकडं आली नव्हती. लग्नाकार्यात एकमेकींना काही द्यायची वेळ आली तर आम्ही ते जमिनीवर ठेवायचो, मग दुसरीनं उचलायचं. हळदीकुंकवाची वाटीसुद्धा. हातातून हातात काही म्हणता काही नाही. आणि इथं माझ्या नातीच्या हातातला चेंडू तिच्या नातीच्या हातात, एका सामन्यात साठ-सत्तर वेळा. पोरींना कसली चाड नव्हती. दोघी बोटांनी खुणा करून काय फेकायचं ते ठरवायच्या आणि खिदळायच्या.

भांडण कशावरून ते ऐका, म्हणजे माझी लायकी कळेल. मी विशीत होते तेव्हा माझ्याएवढी मूर्ख बाई अख्ख्या भिवंडीत दुसरी नव्हती, आणि असलीच तर ती माझी मैत्रीण असणार. पहिला मुलगा झाला होता. गोरा, गुबगुबीत. जगात आजवर कुणाला मूल झालंच नव्हतं अशा थाटात मी त्याला कडेवर घेऊन हिंडायचे. थोरली एकदा म्हणाली, "काय गुटगुटीत झालाय गो!" संध्याकाळी पोराला ताप. झालं. मी मीठमिरच्या ओवाळल्या आणि भर अंगणात तिच्या दाराकडं तोंड करून तिच्या नजरेचा उद्धार केला. तिच्या सात पिढ्या काढल्या. त्या पिढ्या माझ्या नवऱ्याच्याही होत्या हे ध्यानात आलं नाही, सासऱ्यांच्या आलं. दुसऱ्या दिवशी डॉक्टर म्हणाले, दात येतोय. आला दात. पुढं बत्तीस आले, त्यातले चार पडलेसुद्धा, तो पोरगा आता पिचरचा बाप आहे. पण मी शब्द मागं घेतला नाही. मला वाटायचं, मागं घेतला तर थोरली जिंकली. काय जिंकली ते मात्र विचारू नका.

तर तिसरा सामना. माझी नात त्या दिवशी अंगात आल्यासारखी फेकत होती. थोरली मैदानाच्या दुसऱ्या टोकाला छत्री उघडून बसली होती. शेवटची पोरगी बाद झाली, लूमवाल्यांनी शिट्ट्या मारल्या आणि थोरली सगळ्यांना ऐकू जाईल अशी बोलली, "काय हात हाय गो पोरीचा! आसा हात मी जल्मात न्हाय बगितला!"

हीच ती जीभ, हाच तो सूर. चार दिवसांनी चौथा सामना होता, सगळ्यात तगड्या शाळेशी, आणि निवड करणारी माणसं त्या सामन्यापासून बघायला बसणार होती.

मी काजळ धरलं. दिव्यावर पितळी ताटली पालथी घातली, काजळी खरवडली, त्यात घरचं तूप घातलं. सकाळी नात बूट पुसत होती तेव्हा तिच्या कानामागं तीट लावायला गेले.

"आजी, मी तान्ही हाय काय?" तिनं बाहीनं पुसून टाकलं.

"थोडीशी गो. दिसनार न्हाय."

"अंपायर हात बघतो, मनगट बघतो. काळा दोरापन चालत न्हाय. तू मधे पडू नको."

हे तिनं मला स्पष्ट सांगितलं होतं. माझ्या कानांनी ऐकलं. पण माझं डोकं असं की, हात बघतो ना, मग हाताला नको. ती आंघोळीला गेली तसं मी तिचा ग्लोव्ह घेतला, म्हणजे डाव्या हातात घालायचा तो चामड्याचा पंजा, आणि आत खोलगट भागात घडीच्या मधे अंगठ्याएवढी तीट लावली. जरा जास्तच लावली. थोरलीची नजर काही लहानसहान नव्हती.

पिचर फेकायच्या आधी चेंडू त्याच खोलगट भागात धरून उभी राहते, हे मी तीन सामने बघितलं होतं. बघितलं होतं म्हणजे डोळे होते उघडे, एवढंच.

चौथ्या सामन्यात पहिल्या तीन पोरी झटक्यात गेल्या. मी थोरलीकडं बघून पदर झटकला. मग ऊन वर आलं. नातीचा एक चेंडू वाकडा गेला. मग दुसरा. एक तर कॅचरच्या डोक्यावरून गेला. नात हात पँटला पुसायला लागली. समोर एक उंच पोरगी दांडका घेऊन आली, तिला टाकलेला चेंडू नातीच्या बोटांतून निसटला आणि सरळ तिच्या खांद्यावर बसला. पोरगी खाली बसली. तिच्या शाळेचे सर धावत आले.

"मुद्दाम मारला! पहिल्यापासून ती डोळे वटारतेय, मुद्दाम मारला!"

मी उठले. आता वाटतं, तेव्हा कुणीतरी माझं फडकंच माझ्या तोंडात कोंबायला हवं होतं. मी मैदानाच्या कडेकडेनं चालत थोरलीपर्यंत गेले आणि सगळ्या जगासमोर सुरू झाले. "तूच! तुझीच नजर! तेव्हा माझं पोर तापानं फणफणलं, आता नातीच्या हातावर आलीस! डोळे फुटले न्हाईत अजून तुझे!"

थोरली छत्री मिटवत शांतपणे म्हणाली, "तुझं तोंड फुटलं न्हाय आजून, माझे डोळे कसे फुटतील?"

भिंतीवरचे लूमवाले सामना सोडून आमच्याकडं वळले. "अरे इधर देख, इधर!"

तोवर तिकडं अंपायरनं चेंडू उचलला होता. त्यावर काळा फराटा. त्यानं बोट फिरवलं, बोट नाकाशी नेलं.

"तूप?" तो म्हणाला.

मग त्यानं ग्लोव्ह मागितला, आत बोट घातलं आणि बाहेर काढलेलं काळं बोट सगळ्यांना दाखवलं. "चेंडूला, हाताला, ग्लोव्हला काहीही लावायचं नाही. नियम आहे. पिचर बाहेर."

नातीनं मान वळवून मैदानभर बघितलं आणि मला शोधून काढलं. मग चालत आली. मी अजून थोरलीसमोर हात नाचवत उभी. नातीनं उजवा तळहात माझ्या तोंडासमोर धरला. काळाकुट्ट, तुपानं चकचकीत.

"मोठ्या आजीच्या नजरेला तूप असतं काय गो आजी?"

थोरली हसली नाही. हसली असती तर बरं झालं असतं.

पोरी सामना हरल्या. अंपायरच्या कागदावर माझ्या नातीच्या नावापुढं फसवणूक असं लागलं. खेळाच्या बाई घरी आल्या आणि त्यांनी ताठ आवाजात सांगितलं, हे असंच राहिलं तर त्याच शाळेशी परत होणाऱ्या शेवटच्या सामन्यात तिला उतरवता येणार नाही, आणि निवडीचं तर विसराच. हे कसं झालं ते कुणीतरी अंपायरला लिहून द्यायला हवं.

नात म्हणाली, "माझ्या आजीनं तीट लावली असं लिहून देऊ? पूर्ण जिल्हा हसंल." दप्तर उचलून ती आत गेली. त्या दिवसापासून तिनं माझ्याशी बोलणं टाकलं. मी वाढलेलं ताट सरकवून स्वतः वाढून घ्यायची. मी खोलीत गेले की उठून बाहेर. नजर तीच, मैदानावरची. आता कळलं समोरच्या पोरींना काय वाटत असेल.

चार दिवस काढले. मग सातवीपर्यंत शिकलेल्या अक्षरात एक कागद लिहिला आणि शेअर रिक्षा बदलत पडघ्याला गेले. अंपायर तिथल्या शाळेत मास्तर होता. तो मला बघताच म्हणाला, "तुम्ही त्या ओरडणाऱ्या."

"व्हय. तीच."

त्यानं कागद वाचला. दोनदा वाचला. "त्या दिवशी तुम्ही जावेची नजर म्हणून ओरडत होता. आज स्वतःचं काजळ म्हणता. उद्या काय म्हणाल?"

माझ्या मुलाच्या वयाचा माणूस. मी कागद परत त्याच्यापुढं सरकवला.

"आणि पहिल्या तीन सामन्यांचं काय?" तो म्हणाला. "एकही धाव नाही. लोक आता विचारायला लागलेत, तेव्हाही ग्लोव्हमधे काही होतं का."

"तेव्हा न्हवतं! ते तिच्या हाताचं हाय, तिच्या सोताच्या!"

"तुमच्या शब्दावर नाही मानता येत. तिचा प्रत्येक चेंडू कॅचरच्या हातात गेलाय. कॅचरनं लिहून द्यावं की तिन्ही सामन्यांत चेंडू स्वच्छ होता. खाली तिच्या घरातल्या मोठ्या माणसाची सही हवी. मग बघू."

त्या घरातलं मोठं माणूस म्हणजे थोरली. तिचा मुलगा तिला विचारल्याशिवाय नळाची तोटीसुद्धा बदलत नाही.

परत येताना रिक्षात मी सगळी वाट हिशोब करत होते की थोरलीला न भेटता ही सही कशी मिळेल. पोस्टानं पाठवावी का, असंही मनात आलं. मधे एक भिंत, आणि मी पोस्टाचा विचार करत होते.

संध्याकाळी गेले. थोरली ओट्यावर सूप घेऊन सुकट निवडत बसली होती. मान वर केली नाही.

"कोन हाय?"

"मी."

"मी म्हंजे कोन? या दारात 'मी' म्हनून येनारी मना तर कोन आठवत न्हाय."

"धाकटी हाय."

"हां. मग सांग की तसं. धाकटे, तुझी सावली पडतंय सुकटीवर, बाजूला हो."

बाजूला झाले. बस म्हणाली नाही. मी उभ्यानं सगळं सांगितलं. कागद, मास्तर, सही. ती एकेक काडी वेचून फेकत होती, आणि दर वेळी माझ्या पायाजवळ.

"माझ्या पोरीनं कवाच लिवलाय कागद," ती म्हणाली. "त्याच दिवशी. दोन पानं, सगळ्या सामन्यांचं. माझ्याच उशीखाली हाय."

"मग सही का न्हाय केलीस?"

"तू येतस काय ते बगत होते."

माझ्या अंगाचा तिळपापड झाला. चार दिवस माझी नात भिंतीकडं तोंड करून झोपते, आणि ही बया उशीखाली कागद घेऊन झोपते! जिभेवर काय काय आलं होतं ते इथं लिहिण्यासारखं नाही. गिळलं. घशात अडकलं, पण गिळलं.

"कर आता," मी म्हणाले. "आले ना मी."

"करते. पन एक. शेवटच्या सामन्याला तू मैदानावर दिसायची न्हायस."

"माझी नात हाय ती!"

"म्हनूनच."

"आगो, ती फेकनार आनि मी घरात बसू?"

"तू तिथं आसलीस की ती आदी तुझ्याकडं बगंल, मंग माझ्या पोरीच्या खुनेकडं. तुझी पोरगी माझ्याकडं रडली हाय, धाकटे. तुझ्याकडं न्हाय, माझ्याकडं. आता बोल."

हे मला कुणी सांगितलं नव्हतं. माझी नात भिंतीपलीकडं जाऊन रडली होती. मी 'बरं' म्हणाले. तिनं कागद आणला, खाली सही केली, गिरवून गिरवून, आणि सवयीनं फरशीवर ठेवला. मीही सवयीनं वाकून उचलला. गुडघा कटकन वाजला.

मास्तरानं कागद घेतले, वरच्या माणसांशी बोलला आणि परवानगी दिली. दर डावाआधी ग्लोव्ह तपासणार, या अटीवर. नातीला हे बाईंकडून कळलं. सामन्याच्या दिवशी ती माझ्यासमोर बूट बांधून, दार ओढून निघून गेली.

त्या दुपारी मी कपाट आवरलं, परत विस्कटलं. टीव्ही लावला, बंद केला. तिन्ही सामन्यांत मी पोरींच्या रडण्याची मजा घेत पायरीवर बसले होते, आणि ज्या सामन्यावर सगळं अडकलं होतं, तो थोरली बघत होती. छत्री उघडून.

चारच्या सुमाराला दारात सावली पडली. थोरली. चाळीस वर्षांनी माझ्या उंबऱ्यात, घामाघूम, हातात छत्री.

"जितल्या," ती म्हणाली.

"कितीनं?"

"किती काय?"

"धावा!"

"त्या मना काय म्हाईत? मी काय मास्तर हाय?"

ती बसली. मी बस म्हटलं नव्हतं. मला विचारल्याशिवाय गत्यंतर नव्हतं, आणि तिला ते पुरतं ठाऊक होतं. एकेक शब्द ती सुकटीसारखा निवडून टाकायला लागली. शेवटी तीच आली म्हणे, ती उंच, खांद्याला चेंडू लागलेली. आमची एकच धाव जास्त. तिनं दांडका फिरवला आणि चेंडू गेला लांब.

मी पुढं सरकले. "मंग?"

"मंग काय, मी डबा उघडला."

"आता डबा?"

"भूक लागली. सकाळपासून तुझ्या नातीपायी उपाशी बसले."

"आगो पन चेंडू लांब गेला त्याचं काय झालं?"

"रेषेच्या भायेर गेला. मंग परत फेकला, परत भायेर, आनि तिला बाद दिली."

"बाहेर गेला की फाऊल! फाऊल दोनदाच स्ट्राइक धरतात, त्यावर बाद देत न्हाईत!"

"दिली! मी बगितली!"

"तू डब्यात बगत होतीस!"

"आनि तू घरात बगत होतीस! मना शिकवतंय! मी मैदानावर होते, मी!"

आम्ही उभ्या राहिलो होतो. ती छत्री आपटत होती, मी पोळपाट हातात घेऊन रेषा कुठं असते ते दाखवत होते. तेवढ्यात दोन्ही पोरी आत आल्या, धुळीनं माखलेल्या. माझी नात दारातच थांबली.

"तिसरा स्ट्राइक होता तो," ती म्हणाली. अकरा दिवसांनी पहिला शब्द. "शेवटच्या चेंडूला दांडका लागलाच न्हाय."

"बग!" मी थोरलीला म्हणाले.

"बाद दिली का न्हाय? मी तेच सांगतंय!" थोरली म्हणाली.

"निवड?" मी विचारलं.

नातीनं बूट काढले, सावकाश, एकेक नाडी सोडवून. मला मुद्दाम ताटकळत ठेवलं. माझीच नात. "दोघींची," ती म्हणाली. "बाईंनी सांगितलं. पुढच्या महिन्यात विभागाचे सामने."

मी तोंड उघडलं.

"तू यायचं न्हाय," ती म्हणाली.

"न्हाय येत," मी म्हणाले. थोरलीनं माझ्याकडं बघून पदर झटकला.

"आनि आजी, तूपन न्हाय," कॅचर थोरलीला म्हणाली.

"मी? मी काय केलं?"

"माझ्या मागं जाळीला टेकून सुक्या बोंबलाचा डबा उघडलास. ती समोरची नाक दाबून मागं वळली, अंपायरनं खेळ थांबवला. तो म्हनाला, या दोन म्हाताऱ्या एकाच घरच्या काय?"

दोघी हातपाय धुवायला मागे निघून गेल्या. थोरली माझ्याकडं असं बघत राहिली, जणू ते सगळं मीच केलं.

"तुझ्यामुळं," ती म्हणाली.

"बोंबील मी भाजले होते काय?"